पांढरा घेवडा का रुजला नाही: एका घरगुती पेरणीचे प्रकरण

एकाच दिवशी, एकाच पेटीत, एकाच हाताने पेरलेल्या दोन घेवड्यांपैकी काळ्या बियांचा घेवडा बऱ्यापैकी उगवून येतो आणि पांढऱ्या बियांचा जवळजवळ येतच नाही, तेव्हा पांढरे बियाणे खराब आहे असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक असते. येथे मांडलेल्या प्रकरणात तसेच घडले आणि पांढऱ्या बियांची उरलेली बरणी रिकामी करण्याची तयारीही झाली होती. सुदैवाने ती रिकामी करण्याआधी पेटीतील माती उकरून न उगवलेल्या बिया एकेक करून पाहिल्या गेल्या. बियाणे पेरणीपर्यंत जिवंत होते आणि त्याला खरी इजा आदल्या रात्री, भिजवणीच्या वाडग्यात झाली होती, हे त्या पाहणीतून आणि नंतर घेतलेल्या एका साध्या चाचणीतून स्पष्ट होत गेले.

पेरणी करणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. यापुढे त्यांचा उल्लेख ‘बाई’ असाच केला आहे. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवलेली होती. त्यातल्या दोन नोंदी त्यांनी स्वतः बिनमहत्त्वाच्या मानल्या होत्या, पण प्रकरणाचा उलगडा मुख्यतः त्या दोन नोंदींमुळेच झाला. उगवण न होण्याच्या बहुतेक तक्रारींचा छडा लागत नाही याचे कारण असे की तक्रार करणाऱ्याला फक्त शेवट आठवत असतो. बी कोणत्या अवस्थेत होते, पाण्यात किती वेळ होते, माती किती थंड होती, यांपैकी काहीच नोंदलेले नसते.

पेरणीची हकिकत

बियाणे घरचेच होते. आदल्या हंगामात झाडावरच सुकलेल्या शेंगा बाईंनी काठीने झोडपून बिया मोकळ्या केल्या, त्या बरेच दिवस सावलीत वाळवल्या आणि घट्ट झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, थंड व अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. साठवणीच्या दृष्टीने यात नाव ठेवण्यासारखे काहीच नव्हते. बियांचा कोरडेपणा दगडाखाली ठेचून पाहण्याची जुनी रीत आहे: पुरती सुकलेली बी ठेचल्यावर चपटी न होता काचेसारखी फुटते. या बरण्यांतल्या दोन्ही प्रकारच्या बिया तशाच फुटत होत्या, म्हणजे त्यांच्यातील ओल १० टक्क्यांच्याही खाली गेलेली असावी.

पेरणीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकी ४० बिया दोन वाडग्यांत, थंड पाण्यात, पूर्ण बुडतील अशा भिजत घातल्या गेल्या आणि सुमारे १४ तासांनी उपसल्या गेल्या. दिवस थंडीचे होते आणि वाडगे रात्रभर गार ओट्यावर होते. वहीतील त्या दोन नोंदी याच टप्प्यावरच्या आहेत. पहिली अशी की पांढऱ्या बियांच्या साली थोड्या वेळातच सुरकुतल्या, आणि सकाळी त्या वाडग्यातील पाणी गढूळ, किंचित चिकट व फेसाळ झाले होते. काळ्या बियांच्या पाण्याला जांभळट रंग आला होता, मात्र ते पातळच होते. दुसरी अशी की काळ्यांपैकी काही बिया सकाळीही फुगलेल्या नव्हत्या आणि नखाला टणक लागत होत्या. तरीही सर्व बिया पेरल्या गेल्या.

पेटीत बारीक चाळलेली बागेतील माती आणि कुजलेले खत समप्रमाणात होते. बिया सुमारे ५ सेंटीमीटर खोल टाकून वरून माती हाताने दाबून घट्ट केली गेली. त्यानंतर रोज सकाळी झारीने पाणी दिले जात होते, कारण वरचा थर दुपारपर्यंत वाळलेला दिसे. त्याच्या खाली दोन बोटांवर माती चिखलासारखी ओली होती, हे उकरल्यावरच कळले. बियांच्या खोलीवर मातीचे तापमान पहाटे १३ अंश सेल्सिअस आणि दुपारी १८ अंशांच्या आसपास भरले.

अठराव्या दिवशी काळ्या ४० बियांपैकी २७ रोपे वर होती आणि पांढऱ्या ४० पैकी फक्त ६. त्या सहांतली दोन रोपे विचित्र होती: दोन जाड दले (बीचे अन्न साठवणारे दोन अर्धे भाग) आणि त्यांच्यामध्ये शेंडाच नाही.

मातीखाली काय सापडले

न उगवलेली बी ही या विषयातील सर्वांत बोलकी वस्तू आहे, आणि तरीही ती पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. दुसरी पेरणी त्याच मातीवर, त्याच रीतीने केली जाते आणि तिचा निकालही तोच लागतो. बोटभर खोल माती चमच्याने थरथराने बाजूला केली, तर न उगवलेल्या बिया चार-पाच वेगवेगळ्या अवस्थांत सापडतात आणि प्रत्येक अवस्था वेगळे कारण दाखवते.

पांढऱ्या ३४ बियांपैकी २५ बियांचा मऊ, आंबट वासाचा लगदा झाला होता. साल शाबूत दिसत होती, पण चिमटीत धरताच आतला भाग बाहेर येत होता. सहा बियांमधून मूळ बाहेर पडून नखाएवढ्या लांबीवर थांबले होते आणि टोकाकडून तपकिरी झाले होते. या सहांची साल काढून पाहिली असता दलांच्या बाहेरच्या, फुगीर बाजूवर आडव्या भेगा स्पष्ट दिसल्या. उरलेल्या तिघांचे मूळ निरोगी होते, पण वर चढणारा वाकडा कोंब पृष्ठभागाच्या कडक पापुद्र्याखाली अडकून मानेत तुटला होता.

काळ्या १३ बियांचे चित्र निराळे होते. त्यांतल्या ७ बिया जशा पेरल्या तशाच, कोरड्या, चकचकीत आणि टणक सापडल्या; ४ कुजलेल्या होत्या आणि २ पापुद्र्याखाली अडकलेल्या होत्या. म्हणजे काळ्यांमधील निम्म्याहून अधिक अपयश पाणी आत न शिरल्यामुळे होते, तर पांढऱ्यांमधील जवळजवळ सगळे अपयश पाणी आत शिरल्यानंतरचे होते. एकाच पेटीत दोन उलट दोष नांदत होते.

पहिला संशय अर्थातच बियाणे जुने झाल्याचा होता. तो फार काळ टिकला नाही. घेवड्याचे बियाणे साधारण कोरड्या जागी ठेवले तरी तीनेक वर्षे चांगले राहते, आणि हे तर एकाच वर्षाचे व काळजीने सुकवलेले होते. बियाण्यांच्या साठवणीबाबत बियाणेतज्ज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी घालून दिलेला एक ढोबळ नियम सर्वत्र वापरला जातो: बियांतील ओल एका टक्क्याने कमी झाली, किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले, तर बियाण्याचे आयुष्य दुपटीच्या जवळपास वाढते. हा नियम सुमारे ५ ते १४ टक्के ओलीच्या दरम्यान लागू धरतात. त्या हिशेबाने बरणीतील बिया दीर्घायुषीच म्हणायला हव्यात. शिवाय जुनेपणाने मेलेल्या बिया बहुधा एकसारख्या निपचित पडून कुजतात. मूळ बाहेर काढून मग थांबलेल्या सहा बिया आणि त्यांच्या दलांवरच्या भेगा जुनेपणाच्या खात्यात बसत नव्हत्या.

रोग व किडींचाही विचार झाला. बियांतून येणाऱ्या करपा रोगाचे खोलगट काळपट डाग दलांवर नव्हते आणि अळ्यांनी पोखरल्याची भोकेही नव्हती. पिथियमसारख्या बुरशीने लगदा केला असणार हे उघड होते, पण तीच माती, तेच पाणी आणि तीच बुरशी काळ्या बियांच्याही वाट्याला आली होती. बुरशीला पांढऱ्या बिया इतक्या सहज का मिळाल्या, हा प्रश्न शिल्लक राहत होता.

कागदातील चाचणी

बियाणे जिवंत आहे की नाही, हे मातीला विचारण्यात अर्थ नसतो, कारण माती एकाच वेळी दहा गोष्टींचे उत्तर देते. म्हणून बरणीतल्या पांढऱ्या बियांचे वीस-वीसचे तीन गट करून ते ओल्या जाड कागदात गुंडाळले गेले. कागद भिजवून, पिळून, थेंब गळणार नाही इतपत ओला ठेवला, बिया ओळीने मांडल्या, सैल सुरळी केली आणि सुरळ्या उघड्या तोंडाच्या पिशवीत उभ्या करून सुमारे २५ अंशांच्या उबदार जागी ठेवल्या. पहिल्या गटातील बिया आधीप्रमाणेच १४ तास थंड पाण्यात बुडवून मग गुंडाळल्या. दुसरा गट बरणीतून थेट कागदात गेला. तिसरा गट आधी दोन दिवस एका झाकणबंद डब्यात, तळाशी ओला कागद आणि त्याच्या वर जाळीवर बिया, अशा रीतीने केवळ दमट हवेत ठेवला. पाण्याचा स्पर्श या बियांना झाला नाही.

बियाणे तपासणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घेवड्याची पहिली मोजणी पाचव्या आणि अखेरची नवव्या दिवशी होते; तोच पाठ येथे ठेवला. मोजताना केवळ मूळ दिसले म्हणून बी उगवली असे न धरता मूळ, शाबूत दले आणि शेंडा हे तिन्ही असलेले रोपच चांगले धरले. नवव्या दिवशी भिजवलेल्या गटात अशी ८, थेट गुंडाळलेल्या गटात १५ आणि दमट हवेतून आलेल्या गटात १८ रोपे होती.

वीस बियांच्या गटांवरून किती बोलावे याला मर्यादा आहे. प्रयोगशाळेत यासाठी ४०० बिया लावतात, आणि ते उगाच नाही. १५ आणि १८ यांतील फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, त्यावरून दुसरा आणि तिसरा गट यांत डावे-उजवे करणे घाईचे ठरेल. मात्र ८ आणि १८ यांतील फरक इतका मोठा आहे की तो योगायोगावर ढकलता येत नाही. बियाणे जिवंत होते. त्याच बरणीतील, त्याच उबेत ठेवलेल्या बियांपैकी निम्म्याहून जास्त केवळ थंड पाण्यातील एका रात्रीने निकामी झाल्या होत्या.

काळ्या वीस बियाही तुलनेसाठी थेट कागदात लावल्या होत्या. त्यांतल्या १४ नीट रुजल्या, एक कुजली आणि पाच नवव्या दिवशीही टणक होत्या. अशा टणक बिया तपासणीत मृत बियांमध्ये धरत नाहीत, त्यांची वेगळी नोंद होते, कारण पाणी आत जाताच त्या रुजतात. नाभीच्या, म्हणजे बी शेंगेला जोडलेली असते त्या खुणेच्या, विरुद्ध बाजूला सालीवर कानशीने एक खरवड काढताच त्या पाचही बिया फुगल्या.

पाण्याची पहिली काही मिनिटे

हे समजून घेण्यासाठी कोरडी बी पाणी कशी पिते ते पाहावे लागते. घेवड्याच्या बीला रुजण्यासाठी जवळपास स्वतःच्या वजनाइतके पाणी लागते आणि ते ती तीन टप्प्यांत घेते. पहिल्या टप्प्यात पाणी झपाट्याने शिरते, आणि हा टप्पा पूर्णपणे भौतिक असतो: मेलेली बीसुद्धा तितक्याच जोमाने फुगते, किंबहुना अधिक. म्हणूनच फुगलेली बी जिवंत असल्याचा पुरावा नसतो, आणि पाण्यावर तरंगणारी बी टाकून देण्याची रीतही घेवड्याच्या बाबतीत भरवशाची नाही. दुसऱ्या टप्प्यात वजन फारसे वाढत नाही, पण आत दुरुस्तीची आणि श्वसनाची कामे सुरू झालेली असतात. तिसऱ्या टप्प्यात मूळ बाहेर पडते आणि पाण्याची मागणी पुन्हा वाढते.

धोका पहिल्या टप्प्याच्या अगदी आरंभी असतो. बी खडखडीत वाळते तेव्हा तिच्या पेशींभोवतीची पातळ आवरणे आपली नेहमीची रचना सोडून बसतात आणि त्या अवस्थेत ती गळकी असतात. ओल हळूहळू पोचली तर ही आवरणे पूर्ववत होण्यास वेळ मिळतो आणि गळती लवकरच थांबते. पाणी एकदम घुसले तर दलांच्या बाहेरच्या थरांतील पेशी सावरण्याआधीच फुटतात. त्यांतील साखर, क्षार आणि इतर द्रव्ये बाहेर येतात. थंडीत ही आवरणे ताठर असल्याने इजा आणखी वाढते. बी जितकी जास्त कोरडी आणि पाणी जितके जास्त थंड, तितके नुकसान मोठे. आणि बाईंच्या बिया अतिशय कोरड्या होत्या. साठवणीतील जो कोरडेपणा बियाण्याचे आयुष्य वाढवत होता, तोच पाण्यात पडल्याक्षणी त्याच्या मुळावर आला.

वाडग्यातील गढूळ, चिकट, फेसाळ पाण्याचा अर्थ आता लागतो. बीतले अन्न पाण्यात उतरत होते. असे बी मातीत गेल्यावर तिथेही गळत राहते, आणि त्या साखरेच्या ओढीने पिथियमची बुरशी बीपर्यंत येते. कुजण्याची क्रिया मातीत झाली खरी, पण तिची सुरुवात वाडग्यात झालेली होती. आडव्या भेगांचेही मूळ तेच आहे: बाहेरचा थर फुगून ताणला गेला आणि आतला अजून कोरडा, आखडलेला राहिला, की दल मधोमध तडकते. तडकलेल्या दलातील अन्न वाढत्या मुळापर्यंत पुरेसे पोचत नाही, त्यामुळे मूळ निघते, पण नखाएवढे होऊन थांबते.

आता रंगाचा प्रश्न. काळ्या बियांचा रंग सालीत असतो, आणि अशा रंगीत साली दलांना घट्ट चिकटलेल्या असतात. पाणी ठरावीक जागांनी, सावकाश आत जाते. पांढऱ्या बियांची साल बहुधा सैल असते. पाणी एकदा तिच्याखाली शिरले की ते दलांभोवती सगळीकडे पसरते आणि चहूबाजूंनी एकाच वेळी आत घुसते. सालीवर इतक्या लवकर पडलेल्या सुरकुत्या हीच गोष्ट सांगत होत्या. त्यामुळे पांढरे बियाणे निकृष्ट ठरत नाही. ते पाण्याच्या घाईला अधिक हळवे आहे, एवढेच. रंगीत सालीचा हाच गुण टोकाला गेला की टणक बिया तयार होतात. बाईंच्या सात काळ्या बिया त्या टोकाच्या होत्या, आणि फार कोरड्या साठवणीने ही प्रवृत्ती आणखी वाढते.

बुडालेल्या बिया हवा न मिळाल्याने गुदमरतात, हे स्पष्टीकरण बऱ्याचदा पहिल्यांदा पुढे येते. ते चुकीचे नाही. उबदार पाण्यात चोवीस तासांहून अधिक काळ ठेवलेल्या बियांच्या बाबतीत ते पूर्ण लागू पडते, कारण जागी झालेली बी जोराने श्वास घेऊ लागते आणि साचलेल्या पाण्यात तिला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. या प्रकरणात मात्र पाणी थंड होते, श्वसन मंद होते, त्यामुळे वाडग्यातील इजेत गुदमरण्याचा वाटा दुय्यम मानावा असे माझे मत आहे. त्याची खरी जागा पेटीत होती, जिथे रोजच्या पाण्याने बियांभोवतीच्या मातीतील हवेच्या पोकळ्या भरून गेल्या होत्या.

थंडीचा दुसरा परिणाम वेळेचा आहे. घेवड्याचे रोप वर येण्यास मातीचे तापमान २५ अंश असताना सुमारे ८ दिवस लागतात, २० अंशांना सुमारे ११ आणि १५ अंशांना सुमारे १६. त्याहून बरीच थंड माती असेल तर उगवण जवळजवळ होतच नाही, आणि ३५ अंशांच्या पुढेही ती घसरू लागते. आधीच जखमी झालेल्या, गळक्या बीला बुरशीच्या शेजारात आठ दिवस काढायचे की सोळा, यावर तिचे जगणे बरेचसे अवलंबून असते.

भिजवण्याच्या सल्ल्याविषयी

घेवडा रात्रभर भिजवून पेरावा हा सल्ला इतक्या ठिकाणी आणि इतक्या निर्धास्तपणे दिला जातो की बाईंना तो प्रश्नाच्या कक्षेतच वाटत नव्हता. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही. बी साधारण ओलीची, म्हणजे १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असेल, पाणी कोमट असेल आणि काळ थोड्या तासांचा असेल, तर भिजवण्याने सहसा तोटा होत नाही आणि उगवण थोडी लवकर दिसते. टणक बियांना तर खरवडल्यानंतर पाण्याची गरजच असते. मात्र बीला लागणारे पाणी ओलसर मातीतूनही पुरेसे मिळते, मग वाडग्यातून ते घाईने पाजण्यात फायदा फार तर एका दिवसाचा आणि धोका सबंध पेरणीचा, असा हा व्यवहार आहे. अतिशय कोरड्या, विशेषतः पांढऱ्या बियांना तो मुळीच लावू नये.

त्याऐवजी जो उपाय येथे योजला गेला तो चाचणीतील तिसऱ्या गटाचाच होता. बिया वजन करून जाळीवर, झाकणबंद डब्यातील दमट हवेत ठेवायच्या आणि रोज पुन्हा वजन करायचे. बियांतील सुरुवातीची ओल ८ टक्के धरली, तर १०० ग्रॅम बियांत ९२ ग्रॅम कोरडा भाग असतो, आणि तीच ओल १३ टक्क्यांवर नेण्यासाठी एकूण वजन साधारण १०६ ग्रॅम व्हावे लागते. स्वयंपाकघरातील काट्यावर हा फरक सहज दिसतो. दोन दिवसांत वजन तिथपर्यंत आले. यापेक्षा फार काळ बिया त्या डब्यात ठेवल्या तर बुरशी धरते, म्हणून वजन भरताच त्या पेरल्या गेल्या. काळ्या बियांपैकी ज्या दोन दिवसांनंतरही बरणीतल्याइतक्याच काचेसारख्या लागत होत्या, त्या निवडून नाभीपासून दूर एकदाच खरवडल्या; नाभीजवळ खरवडले तर त्याच बाजूला असलेल्या कोवळ्या मुळाला इजा होण्याची भीती असते.

दुसरी पेरणी

मातीतील बदल थोडे पण निश्चित होते. बारीक चाळलेल्या मातीऐवजी कोकोपीट आणि जाड वाळूचे भुसभुशीत मिश्रण घेतले, पेटीच्या तळाची छिद्रे मोकळी केली आणि पेरणीच्या आदल्या दिवशी मिश्रणाला एकदाच भरपूर पाणी देऊन जास्तीचे निथळू दिले. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती अवस्था येथे हवी असते: मूठ दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये आणि गोळ्याला टोचताच तो फुटावा. या स्थितीत बीभोवती ओलही असते आणि हवाही.

बिया ३ सेंटीमीटर खोल, नाभी खाली किंवा आडवी येईल अशा ठेवल्या. नाभीच्या दिशेचा लाभ लहान आहे. उलटी पडलेली बीसुद्धा वळून मूळ खालीच नेते, फक्त त्यात तिची थोडी ताकद जाते. खोलीला मात्र महत्त्व आहे. हा घेवडा आपली दोन्ही दले मातीतून ओढून वर आणतो, आणि ती ओढणारा कोवळा दांडा वाकून पुढे येतो. वर कडक पापुद्रा असेल तर मान तिथेच मोडते. (लाल फुलांच्या बहुवर्षायू घेवड्याची गोष्ट वेगळी: त्याची दले मातीतच राहतात.) पापुद्रा धरू नये म्हणून मिश्रण दाबले नाही, आणि बाष्प उडू नये म्हणून पेटीवर झाकण ठेवले. रुजण्यासाठी घेवड्याला उजेड लागत नसल्याने झाकणाने काही बिघडत नाही, पण पहिला कोंब दिसताच ते काढावे लागते, नाहीतर रोपे लांबुडकी होतात आणि दमट कोंडलेल्या हवेत बुडाशी कोलमडतात. उगवण होईपर्यंत पुन्हा पाणी दिले नाही. बाईंना सर्वांत अवघड गेली ती हीच अट.

पेटी २४ ते २६ अंशांच्या उबदार खोलीत होती. पांढऱ्या ३० बियांपैकी २६ आणि काळ्या ३० पैकी २७ रोपे नवव्या दिवसापर्यंत वर आली.

इथे एक रास्त आक्षेप बाईंनीच घेतला. दुसऱ्या पेरणीत ओल चढवणे, माती, खोली, पाणी आणि तापमान हे सगळेच एकदम बदलले होते. मग यश कशाचे? भिजवण्याचा परिणाम कागदातील चाचणीने वेगळा दाखवला होता, पण थंड मातीचा वाटा किती, हे त्यातून कळत नव्हते. म्हणून त्यांनी ओल चढवलेल्या आणखी १५ पांढऱ्या बिया त्याच मिश्रणात पेरून ती लहान कुंडी पहिल्या पेटीच्या थंड जागी नेऊन ठेवली. सतराव्या दिवसापर्यंत त्यांतली ११ रोपे आली. म्हणजे थंडीने उगवण लांबवली आणि काही बिया गमावल्याही, पण पहिल्या पेटीसारखा नाश झाला नाही. थंड माती टाळता येत असेल तर टाळावीच. ती टाळता येत नसेल, तर निदान बी शाबूत असताना तिच्यात जावी, इतपत निष्कर्ष या कुंडीवरून काढता येतो. पंधरा बियांवरून याहून पुढे जाऊ नये.

शेंडा नसलेली रोपे

एक धागा राहिला होता. पहिल्या पेरणीतील दोन रोपांसारखी बिनशेंड्याची रोपे दुसऱ्या पेरणीतही दिसली: पांढऱ्या २६ रोपांत तीन आणि काळ्या २७ मध्ये एक. भिजवणे टाळूनही हा दोष गेला नाही, म्हणजे त्याचे कारण पाण्यात नव्हते. अळीने शेंडा खाल्ल्यासही असे रोप तयार होते, पण अळीची कोणतीही खूण नव्हती. कारण सापडले ते वहीच्या अगदी पहिल्या पानावर, शेंगा काठीने झोडपल्याच्या नोंदीत. घेवड्याच्या बीत शेंड्याचा कोवळा अंकुर दोन दलांच्या मध्ये, अगदी नाजूक सांध्याने जोडलेला असतो. बी फार कोरडी असताना तिच्यावर आघात झाला तर साल वरून धड दिसते आणि आत हा सांधा तुटतो किंवा दल सुटते. अशी बी व्यवस्थित रुजते, दले वर आणते आणि तिथेच थांबते. दलांच्या बगलेतून कधीमधी दुबळे फुटवे येतात, पण त्या रोपांकडून शेंगांची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. ती काढून जागा मोकळी केली गेली. सालीला आघाताने पडलेल्या बारीक चिरांतून पाणी आणखी वेगाने शिरते, त्यामुळे पहिल्या पेरणीतील नुकसानीत झोडपणीचाही काही हात असावा.

यापुढे बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा हातानेच सोलायच्या, असे बाईंनी ठरवले आहे. पांढऱ्या बियांची बरणी कपाटात परत गेली, सिलिका जेलसह. ओल चढवायची ती फक्त त्या वेळी पेरायच्या बियांना, कारण १३ टक्क्यांवर आणलेली बी बरणीतल्या कोरड्या बीइतकी टिकत नाही, आणि ओल चढवून पुन्हा सुकवत राहण्यात बियाण्याचा जोम खर्च होतो. दुसऱ्या पेरणीनंतर ओल चढवलेल्या ज्या चार-सहा बिया उरल्या होत्या, त्या म्हणूनच बरणीत न टाकता थंड जागेतल्या कुंडीच्या कडेला पेरून टाकल्या गेल्या.